मायना, मॅक्रो आणि ताजा कलम

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी कसा झालो, याचे उत्तर एका वाक्यात देता येते. निवडीच्या वेळी मी चहा आणायला बाहेर गेलो होतो. परत आलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या. कुणाचे तरी अभिनंदन चालले आहे, तर आपणही वाजवाव्यात म्हणून मी वाजवल्या. किटली खाली ठेवल्यावर कळले की अभिनंदन माझेच होते. याला आता अकरा वर्षे झाली. त्यानंतर प्रत्येक निवडणुकीला मी दुसऱ्या कुणाला तरी चहा आणायला पाठवून पाहिले. पण लोक शहाणे झाले आहेत. आमच्या सभेत हल्ली कुणाला चहाची तलफच येत नाही.

सेक्रेटरी म्हणजे पत्रे लिहिणारा इसम. अकरा वर्षांच्या तपश्चर्येनंतर मी एका सिद्धांताला पोचलो आहे. सोसायटीत राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यात एकूण नऊच पत्रे असतात. थकबाकीचे, गळतीचे, पाणी येणार नसल्याचे, लिफ्ट बंद असल्याचे, दुसऱ्याच्या जागेत गाडी लावल्याचे, कबुतरांना दाणे टाकू नयेत याचे, वार्षिक सभेचे, अभिनंदनाचे आणि शोकाचे. माणसे बदलतात, मजले बदलतात, पत्र तेच राहते. थकबाकीच्या बाबतीत तर माणसेही बदलत नाहीत.

ही नऊ पत्रे मी पहिली तीन वर्षे दर वेळी नव्याने टाइप करीत असे. एकदा माझा भाचा आला होता. घरात मिक्सर असताना पाट्यावर चटणी वाटणाऱ्याकडे ज्या नजरेने बघावे, त्या नजरेने तो पाच मिनिटे माझ्याकडे बघत राहिला.

"मामा, याचा मॅक्रो का करून घेत नाही?"

"डॉक्टर काही बोलले नाहीत तसं," मी म्हणालो. मॅक्रो ही उपाशीपोटी करायची तपासणी असावी, असा माझा समज होता.

मग त्याने समजावून सांगितले. मॅक्रो म्हणजे एका आज्ञेच्या पोटात बसवलेल्या अनेक आज्ञा. तुम्ही वर्डला सांगायचे, 'आता मी काय करतो ते नीट बघून ठेव.' मग मधोमध सोसायटीचे नाव, उजवीकडे तारीख, 'विषय' या शब्दाखाली रेघ, हे सगळे एकदा स्वतः करायचे आणि 'झालं' म्हणून थांबायचे. पुढच्या वेळी एक कळ दाबली की यंत्र तेच सगळे तुमच्यासाठी करून टाकते. थोडक्यात, टेपरेकॉर्डर. फरक इतकाच की हा आवाजाऐवजी हातांची करणी टेप करतो.

करणीबरोबर तो चुकाही टेप करतो, हे मात्र मला उशिरा कळले. पहिल्या रेकॉर्डिंगच्या वेळी गडबडीत मी सोसायटीचे नाव सिनेमाच्या पोस्टरइतके मोठे करून बसलो आणि मग आटोक्यात आणले. यंत्राने दोन्ही गोष्टी इमानाने लिहून घेतल्या. तेव्हापासून प्रत्येक पत्राच्या आरंभी आमच्या सोसायटीचे नाव आधी अवाढव्य होते आणि मग ओशाळून लहान होते. हे इतक्या झटक्यात घडते की डोळ्यांना दिसतही नाही. पण घडते. ते दुरुस्त करावे असे मला कधी वाटले नाही. पुष्कळ माणसे शेवटी बरोबर आकाराची होतात, ती याच वाटेने.

एकदा गोडी लागल्यावर मी मॅक्रोंचा सपाटाच लावला. मॅक्रोच्या नावाची सुरुवात अक्षराने व्हावी लागते आणि नावात मोकळी जागा चालत नाही. तुम्ही नावच दिले नाही, तर यंत्र आपले 'मॅक्रो१', 'मॅक्रो२' असे बारसे उरकून टाकते. बाळंतपणे भराभर झालेल्या घरात चौथ्यापाचव्या मुलाचे नाव ठेवताना जितका विचार होतो, तितकाच मी केला. वर्षभरात 'मॅक्रो२३' पर्यंत मजल गेली. त्यातला सातवा काय करतो आणि सतरावा काय करतो, हे यंत्राला ठाऊक होते, मला नव्हते.

आमच्या स्वयंपाकघरातही असेच आहे. बोर्नव्हिटाच्या डब्यात रवा असतो, रव्याच्या डब्यात साबुदाणा, आणि 'साखर' असे ठळक लिहिलेल्या डब्यात मीठ. सौभाग्यवती डोळे मिटून बरोबर डबा काढते. मी डोळे उघडे ठेवून एकदा चहात मीठ घातले आहे. मॅक्रोंच्या बाबतीतही तेच झाले. दहावीत उत्तम गुण मिळवलेल्या एका मुलीला सोसायटीतर्फे अभिनंदनाचे पत्र गेले, ते थकबाकीच्या लाल चौकटीत. वर 'अंतिम सूचना' असा शिक्काही होता. तिचे वडील दुसऱ्या दिवशी सकाळी चेकबुक घेऊन हजर झाले. भला माणूस! त्यांची थकबाकी मुळीच नव्हती.

हा घोळ माझ्या एकट्याच्या घरचा नव्हे, हे वाचून मला फार बरे वाटले. अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत मजकूर संपादनासाठी 'टेको' नावाचा एक प्रोग्रॅम होता. तिथल्या विद्वानांनी ज्याने त्याने आपापले मॅक्रो रचून ठेवले होते. परिणाम असा की एकाच्या यंत्रावर दुसरा बसला की काय दाबले असता काय होईल, याचा भरवसा नसे. मग गाय स्टील यांनी ते सगळे गोळा करून एका शिस्तीत बसवायला घेतले आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी ते काम पुढे नेले. १९७६ साली त्यातून 'ईमॅक्स' निघाला. त्या नावातले 'मॅक्स' म्हणजे मॅक्रोच. तात्पर्य, एकमेकांचे डबे न कळल्यामुळे तिथे एक नवे साधन जन्माला आले. आमच्याकडे फक्त चहा खारट झाला.

पण नावापेक्षाही अवघड प्रश्न जागेचा आहे, आणि या लेखाचे खरे कारण तोच आहे. मॅक्रो टेप करायला घेतला की यंत्र आधी एक प्रश्न विचारते: हा कुठे ठेवू? या एकाच दस्तऐवजात, की सर्व दस्तऐवजांसाठी? तुम्ही काहीच बोलला नाहीत तर ते 'सर्वांसाठी' असे धरून चालते आणि मॅक्रो एका साच्यात नेऊन ठेवते. त्या साच्याचे नाव आहे 'नॉर्मल'.

हे नाव ज्याने ठेवले, तो मनातून तत्त्वज्ञ असला पाहिजे. 'नॉर्मल'मध्ये जे पडते ते वर्डमध्ये उघडलेल्या प्रत्येक कागदाच्या हाताशी असते. तुम्ही पत्र लिहा, यादी लिहा, मृत्युपत्र लिहा, नॉर्मल पाठीशी उभा. ही फाइल ज्या फोल्डरमध्ये राहते तो फोल्डर सहसा दिसतही नाही, लपवलेला असतो. ती हरवली किंवा बिघडली तर वर्ड काही आरडाओरडा करीत नाही. गुपचूप नवा, कोरा नॉर्मल तयार करून कामाला लागते. माणसाचे असे झाले असते तर किती बरे झाले असते, असे मला अनेकदा वाटले आहे; विशेषतः काही नातेवाइकांच्या बाबतीत.

माणसालाही नॉर्मल असतोच की. जिन्यात कुणी भेटले की "काय म्हणता, बरं आहे ना?" हे वाक्य मी बोलत नाही, ते माझ्याकडून बोलले जाते. "या एकदा निवांत घरी" हेही तसेच. एकदा एक गृहस्थ खरोखरच निवांत घरी आले, तेव्हा आमच्या दोघांच्याही चेहऱ्यावर तंत्रज्ञांना बोलवावे असा भाव होता. सवयी नॉर्मलमध्ये असतात म्हणून दिवस सुरळीत जातो. दात घासताना रोज नव्याने विचार करायचा म्हटले तर माणूस कचेरीत पोचायचाच नाही. पण काय नॉर्मलमध्ये ठेवावे आणि काय त्या एका कागदापुरतेच ठेवावे, हे ठरवायला कुणी शिकवत नाही. यंत्राप्रमाणे आपणही न बोलता 'सर्वांसाठी' म्हणून मोकळे होतो.

नॉर्मलची ही ताकद भल्यांच्या आधी बुऱ्यांनी ओळखली. १९९५ साली 'कॉन्सेप्ट' नावाचा एक मॅक्रो-विषाणू निघाला, तो थेट नॉर्मलमध्ये जाऊन बसे आणि तिथून पुढच्या कागदांना लागे. मार्च १९९९ मध्ये आलेली 'मेलिसा' तर यजमानाच्या पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःच्या प्रती पाठवून द्यायची. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फायलींमधले मॅक्रो वर्ड स्वतःहून अडवू लागले. परक्याच्या मॅक्रोला दारात विचारपूस होते ती अशी. घरच्या मॅक्रोला मात्र कुणी हटकत नाही.

भाचा तेव्हाच म्हणाला होता, "मामा, सगळं नॉर्मलमध्ये कोंबू नका. सोसायटीच्या पत्रांसाठी वेगळा साचा करा. तो स्टार्टअपच्या फोल्डरमध्ये ठेवलात की वर्ड सुरू होतानाच हाताशी येतो, आणि तेवढी एक फाइल उचलली की दुसऱ्या यंत्रावरही नेता येते. एखाद्याच कागदापुरतं काही असेल तर ते त्या कागदातच ठेवा. पण मग तो कागद 'डॉकएम' म्हणून साठवायचा. साध्या 'डॉकएक्स'च्या पोटात मॅक्रो राहत नाही."

मी मान डोलावली. ही माझ्या नॉर्मलमधली मान होती.

एक गोष्ट मात्र मला निरुपायाने वेगळी करावी लागली. मॅक्रो ज्या खिडकीत लिहितात ती मायमराठीला ओळखत नाही. तिथे देवनागरी मजकूर चिकटवला की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ उमटते. पाणी येणार नसल्याची सूचना मी मोठ्या हौसेने तिथे चिकटवली, तर निघाले "????? ???? ????". वास्तविक आमच्या भागातल्या पाणीपुरवठ्याचे याहून नेमके वर्णन मी आजवर वाचलेले नाही. पण सभासदांना तारीख हवी असते. तेव्हा भाच्याने अशी व्यवस्था लावली की मराठी मजकूर तयार परिच्छेद म्हणून वेगळ्या कप्प्यात राहील आणि मॅक्रो फक्त तो उचलून कागदावर आणील. शब्द एकीकडे, हालचाल दुसरीकडे. या व्यवस्थेत काही धोका आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

अशा रीतीने नऊही पत्रे कळीवर आली. मी कौतुकाने सौभाग्यवतीला दाखवली. आठ पत्रे तिने शांतपणे पाहिली. नवव्याला म्हणाली, "शोकाचंही बटण केलंत?"

"त्यात काय झालं?"

"काही नाही. माणूस जायला वेळ लागतो, तुम्हाला नाही लागत."

हा वार मला झोंबला. मग मी इतिहासात शिरलो. घरात वादात हरलेला मराठी माणूस नेहमी तिथेच जातो. आपले पूर्वज काय करीत होते? 'सा. न. वि. वि.' म्हणजे काय? चार अक्षरे लिहायची आणि वाचणाऱ्याने 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' एवढे उलगडून घ्यायचे. मॅक्रो दुसरे काय करतो? वडिलांना 'तीर्थरूप', मुलाला 'चिरंजीव', विधवेला 'गं. भा.', शेवटी 'बहुत काय लिहिणे, लोभ असावा ही विनंती.' हा सगळा मायना पाठ असे. पुढे तारखात्याने तर कमालच केली. दिवाळीच्या, लग्नाच्या शुभेच्छांची वाक्ये छापून त्यांना क्रमांकच देऊन टाकले. आपण फॉर्मवर क्रमांक लिहायचा, तिकडे अख्खे वाक्य पोचायचे. त्या क्रमांकांवर या देशात किती संसार सुरू झाले! जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, पण संसार चालू आहेत. तयार शब्द म्हणजे खोटे शब्द, असे म्हणायचे तर निम्मा महाराष्ट्र खोटा ठरेल.

माझे आजोबा दर पंधरवड्याला कार्ड पाठवीत. 'इकडील सर्व कुशल, तिकडील कुशल कळवीत जावे. वडीलमंडळींस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.' प्रत्येक कार्ड मागच्यासारखे. भांडण होऊन घर दुभंगले त्या महिन्यातही 'सर्व कुशल' होते. म्हणजे शोकाच्या पत्रालाही मायना असला तर बिघडले कुठे? दुःखाच्या घरी काय बोलावे हे कुणालाच सुचत नाही. अशा वेळी तयार शब्द म्हणजे अंधाऱ्या जिन्यातला कठडा. तो आपण घडवलेला नसतो, पण धरायला असतो.

हे भाषण मी करून टाकले. सौभाग्यवती भाजी निवडत होती. "खरं आहे तुमचं," म्हणाली. हे तिच्या नॉर्मलमधले वाक्य आहे.

शोकाचा मजकूर मी खपून लिहिला होता. 'आपल्या कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीच्या दुःखद निधनाने सोसायटीची अपरिमित हानी झाली आहे. त्यांचा हसतमुख व मनमिळाऊ स्वभाव सर्वांच्या सदैव स्मरणात राहील.' कुणालाही लागू पडावा असा. तोच तर हेतू होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी नव्वदीच्या घरात गेल्या. पत्र गेले. या आजींना हसताना सोसायटीत कुणी पाहिले नव्हते. त्यांच्या गॅलरीत पडलेला एकही चेंडू परत आला नाही, अशी मुलांमध्ये आख्यायिका होती. लिफ्टविषयीच्या त्यांच्या तक्रारी मी एका स्वतंत्र फायलीत लावून ठेवल्या होत्या. दोन वर्षांनी त्यांचा मुलगा गेला, तसा अचानकच. अबोल गृहस्थ. जिन्यात भेटले तर माझ्या "बरं आहे ना?"ला मान हलवून पुढे जायचे. पत्र गेले.

महिनाभराने त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायचे होते, त्याचे कागद घेऊन. प्लॅस्टिकच्या फायलीत सगळे नीट लावलेले होते. मृत्यूचा दाखला, नामनिर्देशनाचा फॉर्म, आणि त्याखाली शेजारी शेजारी माझी दोन पत्रे.

"तुमची दोन्ही पत्रं जपून ठेवलीत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "सासूबाईंचं आलं ना, तेव्हा हे इतके हसले! म्हणाले, सेक्रेटरींनी आईला हसतमुख केलं, आपल्याला जन्मभरात जमलं नाही. त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले ते तुमच्या पत्रानं."

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. दुसरे काय करणार?

"हे मात्र खरंच हसतमुख होते हो. बाहेर कुणाशी बोलायचे नाहीत, म्हणून कुणाला माहीत नाही. घरात नुसती गंमत चाललेली असायची. तुम्हाला कसं कळलं?"

"दिसायचंच की," मी म्हणालो.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग दुसरे पत्र बाहेर काढून माझ्यासमोर ठेवले. "एवढी तारीख तेवढी राहिली होती बदलायची. सासूबाईंची पडली होती. मी पेनानं दुरुस्त केलीय. मुलांनी पुढं कधी वाचलं तर घोटाळा नको."

निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात, माझ्या छापील तारखेवर एक सरळ रेघ मारून वर खरी तारीख लिहिली होती. खाडाखोड नाही, चिडचिड नाही. नवऱ्याच्या मरणाची तारीख त्यांनी माझ्यासाठी तपासून दिली होती.

त्या गेल्यावर मी बराच वेळ ती दोन पत्रे मनातल्या मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिली. दोन्हींतले शब्द एकच. आईच्या बाबतीत ते खोटे, मुलाच्या बाबतीत खरे. म्हणजे दोष शब्दांत नव्हता. ते तयार होते यातही नव्हता. आपल्याकडे याला घुणाक्षरन्याय म्हणतात. किडा लाकूड पोखरत जातो आणि पोखरता पोखरता एखादे अक्षर उमटते. अक्षर खरे असते, वाचताही येते. पण म्हणून किड्याला लिहिता येते असे कुणी म्हणत नाही. त्या गृहस्थांना 'हसतमुख' म्हणणारा सोसायटीचा सेक्रेटरी हा असाच किडा होता. खरे उमटले, पण ते मी म्हटलेले नव्हते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढेच. आणि कावळ्याला एक बाई विचारीत होती, तुम्हाला कसं कळलं?

त्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. मॅक्रोने जे केले त्याला फार तर निष्काळजीपणा म्हणता येईल. पण "दिसायचंच की" हे मॅक्रोत नव्हते. ते खोटे मी ताजे, जागेवर, स्वतःच्या तोंडाने केले. तयार शब्दांना दोष देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. हाताने केलेली गोष्ट खरी असतेच असे नाही.

त्या रात्री मी मॅक्रोंची आवराआवर काढली. भाच्याने इतक्या वर्षांपूर्वी सांगितलेले सगळे केले. 'मॅक्रो७', 'मॅक्रो१७' यांना कामावरून नावे दिली. कोण काय करतो ते प्रत्येकाच्या डोक्यावर एका ओळीत लिहिले. सोसायटीचा साचा वेगळा केला. ऑर्गनायझर नावाची एक खिडकी असते, तिच्यातून एका फायलीतले मॅक्रो दुसरीत उचलून ठेवता येतात. तिथे बसून नॉर्मलमधले सामान एक एक करून हलवले. थकबाकी, गळती, कबुतरे ही सगळी साच्यात गेली. ती दर वेळी नव्या भावनेने लिहायची काहीच गरज नाही. थकबाकीदारही तशी अपेक्षा करीत नाहीत.

शोकाशी आल्यावर थांबलो. तो काढून टाकावा असे पहिल्यांदा वाटले. पण आजोबांची कार्डे आठवली. 'सर्व कुशल'ने भरलेल्या त्या कार्डांचा शेवट झाल्यावर, जिथे जागा उरेल तिथे, बहुतेक कडेने उभी, एक ओळ असायची. 'ता. क.' ताजा कलम. 'गाय व्याली. तुझ्या आजीला तुझी आठवण येते, पण ती सांगणार नाही.' आम्ही कार्ड हातात आले की आधी आडवे फिरवायचो. मायना पाठ असल्यामुळे आजोबांचा हात मोकळा असे आणि तो त्या कडेला पोचे. माझ्या बटणात मायना होता, शेवट होता, सही होती. कडेला जागाच ठेवलेली नव्हती.

म्हणून आता शोकाचा साचा असा आहे. कळ दाबली की वरचा मायना येतो, खालचा शेवट येतो. मध्ये 'हसतमुख' नाही, तारीखही नाही. कोरी जागा आहे. कर्सर तिथे जाऊन थांबतो आणि पडद्यावर एक चौकट येते. चौकटीत मी लिहिले होते, 'त्यांच्याविषयी तुम्हाला काय माहीत आहे?' अर्थात, ती खिडकी मराठी ओळखत नाही. त्यामुळे चौकटीत दिसते ते असे: "???????????? ???????? ??? ????? ????" भाचा म्हणाला, याला उपाय आहे, अक्षरांचे आकडे घालून देतो. मी नको म्हटले. प्रश्न समजतो.

या चौकटीने माझी फार पंचाईत केली आहे. मध्यंतरी पाचव्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ गेले. चौकट आली. अकरा वर्षांत मला त्यांच्याविषयी एकच गोष्ट माहीत होती, ती म्हणजे ते पैसे वेळेवर भरतात. शेवटी खाली वॉचमनकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब रोज पेपर वाचून झाला की मला आणून द्यायचे. शब्दकोडं अर्धंच सोडवायचे. म्हणायचे, उरलेलं तुझं." मी वर येऊन एवढेच लिहिले. पत्राला दीड तास लागला. त्यातला मायन्याचा वेळ एक सेकंद.

भाचा म्हणतो, "मामा, मग मॅक्रोचा उपयोग काय? वेळ तर वाचत नाही."

वाचतो की. नऊपैकी आठ पत्रांत वाचतो, आणि नवव्यात खर्च होतो. वाचवलेला वेळ कुठे खर्च करायचा हे ठरवलेले नसेल, तर तो वाचवून करायचे काय?

गेल्या वर्षी संगणक बदलला. सोसायटीचा साचा पेनड्राइव्हवर होता, तो बरोबर आला. जुना नॉर्मल तिथेच राहिला. माझ्या निष्काळजीपणामुळे राहिला, पण त्याचे दुःख झाले नाही. वर्डने नवा, कोरा नॉर्मल काढून दिला. जिन्यात मात्र माझा जुनाच चालू आहे. फरक एवढाच की "काय म्हणता, बरं आहे ना?" म्हटल्यावर आता मी उत्तर येईपर्यंत थांबतो. त्यामुळे लोक जरा बिचकतात. परवा एकाने विचारले, "का हो, थकबाकी आहे का काही?"

कधीतरी माझ्याही नावाने ही कळ दाबली जाईल. नव्या सेक्रेटरीसमोर चौकट येईल, प्रश्नचिन्हे दिसतील आणि तो डोके खाजवीत बसेल. त्याला काही सुचले नाही तर त्याने वॉचमनला विचारावे. वॉचमनची काळजी मी आतापासून घेतो आहे.

ता. क. — वॉचमनकडून एक गोष्ट नव्याने कळली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी एकदा हसल्या होत्या. मी लिफ्टमध्ये अडकलो होतो, तेव्हा.